चालत्या गाड्या भंगारात का गेल्या?



ज्यांच्या स्मरणार्थ आपण इथे जमतो, त्या सरांनी विद्यार्थ्यांना यंत्र उघडून बघायला शिकवलं. एवढ्यावर ते थांबले नाहीत. यंत्र कोणाच्या पैशाने बनलं, कोणाच्या सोयीने चाललं आणि बंद पडलं तर ते आपोआप पडलं की कोणी पाडलं, हेही विचारायची सवय त्यांनी लावली. आजचा विषय त्याच सवयीतून आला आहे.

प्रश्न असा आहे : एखादी मोटार नीट चालते आहे, वापरणारे तिच्यावर खूश आहेत, ती विकत घ्यायला पैसे घेऊन माणसं दारात उभी आहेत. तरी तिचाच निर्माता ती परत घेतो आणि यंत्राखाली चेपून टाकतो. असं का व्हावं? जनरल मोटर्सच्या ‘ईव्ही-१’ या विजेच्या गाडीच्या बाबतीत हे घडलं. ठिकाण अमेरिका, प्रामुख्याने कॅलिफोर्निया, आणि काळ १९९६ ते २००५. या गाडीचा खून झाला असं म्हणणारे आहेत, तसेच ती आपल्या मरणाने मेली असं म्हणणारेही आहेत. दोन्ही बाजू तपासून मी आज माझं मत मांडणार आहे.

धुरक्यातून जन्मलेला कायदा

ही कथा गाडीच्या कारखान्यात सुरू होत नाही, ती लॉस एंजेलिसच्या हवेत सुरू होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून त्या शहरावर धुरक्याची चादर पसरू लागली. डोळे चुरचुरत, घसा खवखवत असे. हे धुरकं येतं कुठून, याचा शोध १९५०च्या सुमारास आरी हागेन-स्मिट या डच वंशाच्या रसायनशास्त्रज्ञाने लावला. मोटारींच्या आणि तेलशुद्धीकरणाच्या धुरातले घटक उन्हात एकमेकांशी संयोग पावून ओझोन तयार करतात, हे त्यांनी दाखवून दिलं. पुढे कॅलिफोर्निया एअर रिसोर्सेस बोर्ड स्थापन झालं तेव्हा तेच त्याचे पहिले अध्यक्ष झाले. या मंडळाला आपण सोयीसाठी ‘हवा मंडळ’ म्हणू. अमेरिकेच्या संघराज्यात वाहनांच्या धुराबाबत केंद्रापेक्षा कडक नियम करण्याची मुभा कॅलिफोर्नियाला खास देण्यात आली आहे. या मंडळाचं बळ त्या मुभेत आहे.

मोटार कंपन्यांचा आणि या नियमांचा संघर्षही जुना आहे. धूर कमी करणारी उपकरणं गाड्यांवर बसवायला उशीर व्हावा म्हणून कंपन्यांनी आपसांत संगनमत केलं, असा खटला अमेरिकेच्या न्याय विभागाने १९६९ मध्ये भरला होता. तो त्याच वर्षी तडजोडीने मिटला. पुढचं समजून घेताना हा इतिहास ध्यानात ठेवायला हवा.

१९८७ मध्ये ऑस्ट्रेलियात डार्विन ते ॲडलेड अशी सुमारे ३००० किलोमीटरची सौर मोटारींची शर्यत झाली आणि ती जनरल मोटर्सच्या ‘सनरेसर’ने जिंकली. ती गाडी साकारण्यात पॉल मॅकक्रेडी यांच्या एरोव्हायरनमेंट या कंपनीचा मोठा वाटा होता. त्याच मंडळींनी पुढे रस्त्यावर चालेल अशी विजेची गाडी तयार केली. जानेवारी १९९०च्या लॉस एंजेलिस मोटार प्रदर्शनात जनरल मोटर्सचे अध्यक्ष रॉजर स्मिथ यांनी ‘इम्पॅक्ट’ या नावाने ती जगासमोर आणली आणि काही महिन्यांतच तिचं उत्पादन करण्याचा मनोदय जाहीर केला.

हवा मंडळाने ती गाडी पाहिली. हे शक्य आहे, हे कंपनी स्वतःच दाखवते आहे, मग सक्ती का करू नये, असा विचार झाला. सप्टेंबर १९९० मध्ये नियम आला : कॅलिफोर्नियात मोटारी विकणाऱ्या सात मोठ्या कंपन्यांच्या विक्रीत १९९८ पासून २ टक्के, २००१ पासून ५ टक्के आणि २००३ पासून १० टक्के गाड्या धूर अजिबात न सोडणाऱ्या असल्या पाहिजेत. त्या वेळच्या तंत्रज्ञानात याचा अर्थ एकच होता, विजेवर चालणारी गाडी.

श्रोतेहो, या क्रमाकडे जरा लक्ष द्या. कंपनीने अभिमानाने मांडलेला नमुना कायद्याच्या हातातला पुरावा ठरला. ‘हे करता येत नाही’ असं म्हणण्याची सोय कंपनीने स्वतःच घालवली होती. पुढे पंधरा वर्षांनी जे घडलं त्याचं बीज मला इथे दिसतं.

गाडी कशी होती

५ डिसेंबर १९९६ रोजी ईव्ही-१ ग्राहकांच्या हाती आली. लॉस एंजेलिस, सॅन दिएगो, फिनिक्स आणि टुसॉन या शहरांत, जनरल मोटर्सच्याच सॅटर्न विक्रेत्यांमार्फत. दोन माणसांची ही गाडी दिसायला पाण्याच्या थेंबासारखी होती. हवेचा रोध मोजणारा तिचा गुणांक ०.१९ होता आणि त्या काळातल्या कुठल्याही उत्पादित मोटारीचा तो इतका कमी नव्हता. पहिल्या आवृत्तीत शिसे-आम्लाच्या बॅटऱ्या होत्या. त्यांचंच वजन पाचशे किलोच्या वर जाई, आणि एका चार्जिंगमध्ये गाडी शंभर ते दीडशे किलोमीटर जाई. १९९९ च्या दुसऱ्या आवृत्तीत निकेल-मेटल हायड्राइड बॅटऱ्या आल्या आणि हा पल्ला १६० ते २२० किलोमीटरपर्यंत पोहोचला. दोन्ही आवृत्त्या मिळून १११७ गाड्या बनल्या.

तिच्या उणिवाही सांगितल्या पाहिजेत. जागा दोनच माणसांची. थंडीत पल्ला घटे. चार्जिंगची ठिकाणं मोजकी. पहिल्या आवृत्तीत चार्जिंगच्या भागात आग लागण्याचा धोका आढळल्याने २००० मध्ये शेकडो गाड्या परत बोलवाव्या लागल्या. शिवाय १९९८-९९ मध्ये अमेरिकेत पेट्रोल गॅलनला एक डॉलरच्या आसपास होतं. मोठ्या, जड एसयूव्हींची लाट तेव्हा भरात होती. अशा बाजारात दोन आसनी विजेची गाडी लाखांनी खपली असती, असं मी म्हणणार नाही.

पण या व्यवहारातली एक अट सगळ्यात महत्त्वाची होती. ईव्ही-१ विकली गेलीच नाही. कागदावर तिची किंमत सुमारे ३४ हजार डॉलर दाखवली होती, तरी ती फक्त भाडेकरारावर, म्हणजे लीजवर मिळे. मुदत संपल्यावर ती विकत घेण्याचा हक्क ग्राहकाला नव्हता. गाडी घराच्या गॅरेजमध्ये असली तरी मालकी डेट्रॉइटमधल्या कंपनीकडेच राहिली.

कायदा कसा वाकला

कायदा एका दिवसात मेला नाही. १९९५ मध्ये तज्ज्ञांच्या समितीने सांगितलं की प्रगत बॅटऱ्या १९९८ पर्यंत पुरेशा संख्येने मिळणार नाहीत. त्याचा आधार घेऊन मार्च १९९६ मध्ये हवा मंडळाने १९९८ ते २००२ या काळातली सक्ती मागे घेतली आणि २००३ ची १० टक्क्यांची अट तेवढी ठेवली. बदल्यात कंपन्यांनी थोड्या संख्येने प्रात्यक्षिक गाड्या रस्त्यावर आणण्याचं मान्य केलं. ईव्ही-१ बाजारात आली तीच मुळी सक्ती सैल झाल्यावर.

पुढे मंडळाने हायब्रिड गाड्यांनाही श्रेय देणारा सुधारित नियम केला. त्यावर जनरल मोटर्स आणि डेमलर-क्रायस्लर न्यायालयात गेल्या. इंधनाची बचत हा केंद्राचा विषय आहे, राज्याला तिथे नियम करता येत नाही, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. जून २००२ मध्ये फ्रेस्नोच्या संघीय न्यायाधीशांनी नियमाच्या अंमलबजावणीला तात्पुरती मनाई केली. त्याच वर्षी बुश सरकारच्या न्याय विभागाने कंपन्यांच्या बाजूने आपलं म्हणणं न्यायालयात मांडलं. जानेवारी २००३ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी हायड्रोजन गाड्यांच्या संशोधनासाठी १२० कोटी डॉलरची योजना जाहीर केली. एप्रिल २००३ मध्ये हवा मंडळाने माघार घेतली. बॅटरीच्या गाड्यांऐवजी सगळ्या मोठ्या कंपन्यांनी मिळून २००८ पर्यंत २५० हायड्रोजन फ्युएल सेल गाड्या आणल्या तरी चालेल, असा पर्यायी मार्ग मोकळा झाला. हातातली चालती गाडी सोडून सरकारने उद्याच्या गाडीचं आश्वासन स्वीकारलं.

बॅटरीचा प्रवासही याच काळातला आहे. निकेल-मेटल हायड्राइड बॅटरीचा विकास स्टॅनफर्ड ओव्हशिन्स्की यांच्या कंपनीने केला होता आणि त्याला मोटार कंपन्या व अमेरिकेचं ऊर्जा खातं यांच्या संयुक्त संस्थेची मदत होती. म्हणजे त्यात जनतेचा पैसा होता. जनरल मोटर्सने या उद्योगातला आपला हिस्सा टेक्साको या तेल कंपनीला विकला आणि २००१ मध्ये टेक्साको शेव्हरॉनमध्ये विलीन झाली. गाडीची बॅटरी तेल कंपनीच्या ताब्यात गेली, ही नोंद आपण नीट वाचली पाहिजे.

गाड्या परत नेल्या

लीज संपतील तशा गाड्या परत मागवल्या गेल्या. काही वापरकर्त्यांनी विनंती केली : कंपनीवर कुठलीही जबाबदारी राहणार नाही असं लिहून देतो, पण गाडी आम्हाला विका. उत्तर नकाराचं आलं. जुलै २००३ मध्ये हॉलीवूडमधल्या एका दफनभूमीत या गाडीची अंत्ययात्रा काढण्यात आली. फेब्रुवारी २००५ मध्ये बर्बँक इथल्या कंपनीच्या आवारात उरलेल्या गाड्या उभ्या आहेत असं कळल्यावर लोकांनी बाहेर दिवसरात्र पहारा धरला. ७८ गाड्यांसाठी प्रत्येकी २४ हजार डॉलरप्रमाणे जवळपास १९ लाख डॉलर त्यांनी देऊ केले. कंपनीने ते घेतले नाहीत. मार्चमध्ये ट्रक आले. गाड्या हलवल्या गेल्या आणि वाट अडवणाऱ्यांना अटक झाली. बहुतेक ईव्ही-१ अखेर चेपल्या गेल्या. जवळपास चाळीस गाड्या संग्रहालयांना आणि विद्यापीठांना दिल्या, पण यंत्रणा निकामी करून आणि त्या पुन्हा रस्त्यावर आणायच्या नाहीत या अटीवर. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे असलेली गाडी मात्र पूर्ण आहे. २००६ मध्ये क्रिस पेन यांच्या माहितीपटाने ही सगळी हकिकत जगभर नेली.

कंपनीची बाजू

कंपनीचं म्हणणं ऐकल्याशिवाय निवाडा करणं सरांना आवडलं नसतं. ते म्हणणं तीन मुद्द्यांत सांगता येईल. पहिला, मागणी नव्हती : प्रतीक्षा यादीत ५००० नावं होती, पण प्रत्यक्ष लीजवर सही करायला त्यातली जेमतेम ५० माणसं तयार झाली. दुसरा, सुटे भाग : पुरवठादारांनी भाग बनवणं थांबवलं होतं, त्यामुळे वर्षानुवर्षं दुरुस्ती करता आली नसती. तिसरा, दायित्व : अशी गाडी रस्त्यावर राहिली आणि अपघात झाला, तर निर्माता म्हणून खटला कंपनीवरच येणार.

यातला कुठलाच मुद्दा हास्यास्पद नाही. हजारभर गाड्यांसाठी वेगळे भाग साठवणं तोट्याचं असतं, हे इथल्या प्रत्येक कारखानदाराला ठाऊक आहे. आणि चाचणीच्या गाड्या नष्ट करण्याची रीत या उद्योगात ईव्ही-१च्या आधीपासूनची आहे. १९६३-६४ मध्ये क्रायस्लरने जेट विमानासारख्या टर्बाइन इंजिनाच्या ५५ गाड्या बनवल्या आणि त्यातल्या ५० आळीपाळीने २०३ कुटुंबांना वापरायला दिल्या. प्रयोग संपल्यावर ५५ पैकी ४६ नष्ट केल्या. त्या गाड्यांपासून कुठल्या तेल कंपनीला धोका नव्हता, कारण टर्बाइनलाही इंधन लागतंच. म्हणून विध्वंस दिसला की लगेच कट शोधणं मला पटत नाही.

पण मग त्याच राज्यात, त्याच कायद्याखाली, त्याच वर्षांत टोयोटाने काय केलं ते पाहा. टोयोटानेही ‘रॅव्ह-४ ईव्ही’ ही विजेची गाडी बहुतांशी लीजवरच दिली होती आणि परत आलेल्या गाड्या चेपायला सुरुवातही केली होती. मात्र शेवटी ३२८ गाड्या तिने सामान्य ग्राहकांना विकल्या, आणि लोकांनी आवाज उठवल्यावर उरलेल्या गाड्यांचा नाश थांबवला. त्या गाड्या पुढे वर्षानुवर्षं धावल्या. सदर्न कॅलिफोर्निया एडिसन या वीज कंपनीच्या ताफ्यातल्या रॅव्ह-४ ईव्हींनी त्याच बॅटऱ्यांवर एक लाख मैलांचा टप्पा ओलांडला. फोर्डने नॉर्वेतल्या आपल्या ‘थिंक’ गाड्या अमेरिकेतून गोळा करून भंगारात काढायचं ठरवलं होतं. नॉर्वेत आणि अमेरिकेत ओरड झाली, तेव्हा त्या चेपण्याऐवजी नॉर्वेला रवाना झाल्या. होंडाच्या ‘ईव्ही प्लस’ गाड्यांच्या वाट्याला मात्र मुख्यतः चेपणंच आलं.

या तुलनेतून माझ्या मते निकाल स्पष्ट होतो. सुटे भाग आणि दायित्व या अडचणी खऱ्या होत्या, पण विध्वंस अटळ करण्याएवढ्या त्या मोठ्या नव्हत्या. दुसऱ्या कंपन्यांनी त्याच अडचणींतून वाट काढली.

माझा निवाडा

मग ईव्ही-१ का चेपली गेली? मला तीन कारणं दिसतात.

पहिलं, ती सक्तीतून रस्त्यावर आली होती आणि सक्ती मागे घेतली गेली. जी वस्तू बनवण्यात कंपनीचा नफा नाही, ती बनवण्याचं कायदेशीर कारण संपलं की वस्तूही संपते. या पापात नियामकाचा वाटा कंपनीहून कमी नाही.

दुसरं, ती कधीच कोणाच्या मालकीची झाली नाही. विकलेली गाडी कंपनीला परत ओढून नेता येत नाही, भाड्याची नेता येते. रॅव्ह-४च्या त्या ३२८ गाड्या वाचल्या, कारण त्यांच्या मालकांकडे विक्रीची पावती होती.

तिसरं कारण हे माझं अनुमान आहे. चालू अवस्थेतली ईव्ही-१ हा कंपनीच्या विरोधातला साक्षीदार होता. ज्या कंपन्या न्यायालयात आणि मंडळासमोर नियम पेलवत नाही असं सांगत होत्या, त्यांच्यापैकी एकीची गाडी रोज लॉस एंजेलिसच्या हमरस्त्यावर त्याचं खंडन करत होती. १९९० मध्ये एका नमुन्याने कायदा जन्माला घातला होता. पुन्हा तसं होऊ द्यायचं नसेल, तर नमुना रस्त्यावर उरता कामा नये.

याची किंमत कंपनीनेही मोजली. जनरल मोटर्सचे तेव्हाचे प्रमुख रिक वॅगनर यांनी २००६ मध्ये मान्य केलं की ईव्ही-१ बंद करणं आणि हायब्रिडकडे पुरेसं लक्ष न देणं हा त्यांचा सगळ्यात वाईट निर्णय होता. १ जून २००९ रोजी कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. त्याची कारणं पुष्कळ होती, पण जड आणि पेट्रोलपिऊ गाड्यांवर विसंबणं हे त्यातलं एक होतं. इम्पॅक्टची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा घडवणारे ॲलन कोकोनी यांनी वेगळी कंपनी काढली होती. त्यांच्या ‘टी-झिरो’ या गाडीतून स्फूर्ती घेऊन २००३ मध्ये टेस्ला उभी राहिली. जनरल मोटर्सने गाड्या काढून घेऊन चेपल्या म्हणून आम्ही टेस्ला सुरू केली, असं इलॉन मस्क यांनीही नंतर म्हटलं आहे. गाडी चेपता आली, ज्ञान मात्र माणसांबरोबर बाहेर पडलं होतं.

आपला संबंध

ज्या जनरल मोटर्सने सनरेसर बनवली, तिनेच १९९० मध्ये अमेरिकेत विद्यार्थ्यांसाठी ‘सनरेस’ ही सौर मोटारींची शर्यत भरवली. ती जिंकणाऱ्या मिशिगन विद्यापीठाच्या संघात चेतन मैनी होते. त्यांनी पुढे बंगळुरूत ‘रेवा’ घडवली आणि २००१ मध्ये, ईव्ही-१ परत नेण्याची तयारी तिकडे चाललेली असताना, ती इथे बाजारात आली. ईव्ही-१शी तुलना केली तर रेवा वेगाने आणि पल्ल्याने फारच साधी होती. पण ती विकली गेली, बंगळुरूत आणि लंडनमध्ये लोकांच्या मालकीची झाली. २०१० मध्ये मुंबईच्या महिंद्राने त्या कंपनीत बहुमताचा हिस्सा घेतला. देशातल्या पुढच्या विजेच्या गाड्यांची वाट या साध्या गाडीने तयार केली.

आज आपण विजेच्या वाहनांच्या लाटेच्या ऐन भरात आहोत. २०१५ पासून ‘फेम’ आणि नंतर ‘पीएम ई-ड्राइव्ह’ अशा योजनांतून सरकार या वाहनांना अनुदान देत आलं आहे, म्हणजे आपण सारे देत आलो आहोत. त्याच वेळी बॅटरी भाड्याने घेण्याच्या योजना पुढे येत आहेत, आणि गाडीचा कारभार कंपनीच्या सॉफ्टवेअरवर चालतो. मालकी पुन्हा एकदा गॅरेजमधून निसटून दूरच्या कचेरीत जाऊ शकते. या खेपेला ट्रक पाठवायचीही गरज उरणार नाही.

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत. ज्या वाहनाला जनतेचं अनुदान मिळालं आहे त्याच्या प्रत्येक लीज करारात, बॅटरीच्या भाडेकरारातसुद्धा, मुदतीअखेर ठरलेल्या किमतीला विकत घेण्याचा हक्क असावा. मॉडेल बंद केल्यावरही ठराविक वर्षं सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि आवश्यक सॉफ्टवेअर पुरवण्याचं बंधन उत्पादकावर असावं. आणि अशा प्रत्येक मॉडेलची एक गाडी चालू अवस्थेत एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयात किंवा संग्रहालयात जतन व्हावी, म्हणजे ‘हे शक्य नव्हतं’ असं उद्या कोणालाही म्हणता येणार नाही.

नियमांचे मसुदे प्रसिद्ध होतात, हरकती मागवल्या जातात, आणि त्या मुदतीत बहुधा कंपन्यांचेच वकील बोलतात. बर्बँकच्या कुंपणाबाहेर जमलेली माणसं प्रामाणिक होती, धीटही होती, पण ती कायदा वाकून गेल्यावर जमली. तुम्ही त्याआधी बोला. गाडी घेताना करार शेवटच्या पानापर्यंत वाचा आणि मसुदा निघेल तेव्हा आपली हरकत लिहून पाठवा.